बाबांच्या गुलाबाची शेवटची काडी

सकाळी साडेनऊ. रोपवाटिकेच्या खिडकीपुढच्या रांगेत माझ्या मागे दोघी बहिणी होत्या. थोरलीच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी होती.

"कलमाच्या जोडाखाली कापलंस, ताई! बाबांनी तयार केलेला गुलाब होता. एकच झाड उरलं होतं!"

"सुकलं होतं गं. खालचा फुटवा जोमात होता, म्हणून वरचं छाटलं."

"तो बाबांच्या गुलाबाचा नव्हे, ज्यावर कलम बांधलं त्या जंगली खुंटाचा फुटवा! माळ्याची लेक म्हणवतेस?"

"तू तीन वर्षांत एकदा तरी पाणी घातलंस?"

"विषय बदलू नकोस. बाकीच्या काड्या?"

"जाळल्या. ही कुंपणात अडकली म्हणून राहिली."

"फुटतील असे डोळे किती आहेत हिच्यावर?"

"दोन. एक काळा पडलाय."

पावणेदहाला खिडकी उघडली. कलम बांधणारे काका अजून आले नव्हते.