चांदणीचा एकच केस

मोहावे वाळवंटातल्या उद्यानाच्या कचेरीच्या खिडकीपुढे रांग होती. नोरीनच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं, दोघांचेही शर्ट पुढून वाळूने माखलेले. बाईंच्या हातात फुलांच्या नोंदीचा अर्ज होता.

"एककेसाची चांदणी असंच लिहू ना, वेंडेल? साध्या चांदणीच्या बीवर पुष्कळ केस असतात, हिच्या बीवर एकच. चाळीस वर्षांच्या माझ्या यादीत हीच तेवढी राहिलीय."

"लिही, इमोजीन. भिंगातून नीट बघितलंय मी. एकच केस."

"मग मला कसा नाही दिसला?"

"फूल बघायला तू वाळूत पालथी पडलीस ती हसतच सुटलीस."

"तू उठताना गाढवासारखा कण्हत होतास, म्हणून. रंग कसा होता केसाचा?"

"पांढरा."

"आणि लांब केवढा?"

"चांगला बोटभर."

"वेंडेल, अख्खं फूल नखाएवढं आहे."

 नोरीनची नजर वेंडेलच्या छातीवर रुळणाऱ्या पांढऱ्या दाढीकडे गेली. इमोजीनची आधीच तिथे पोचली होती.

"एक तोडून आणलं असतं तर..."

"इथली फुलं तोडत नाहीत, माहीत आहे तुला. चल, ती मिटायच्या आत परत जाऊ."

"म्हणजे पुन्हा पालथं पडायचं?"

"पडायचं. आणि या वेळी दाढीला रुमाल बांध."