जंजिऱ्यातलं गोडं पाणी

दिग्रसच्या स्टँडवर पुसदची गाडी काही लागत नव्हती. अर्पिता मोबाइल बघत बसली होती खरी, पण तिचे कान मागच्या बाकावरच्या दोघी बायकांकडे लागले होते.

"हुस्नाबी, काय सांगू तुले! जंजिरा म्हंजे भर समुद्रात उभा किल्ला. नाव पार भिंतीजवळ जाईपर्यंत दरवाजाच दिसत नाही."

"या अल्ला! अन् भाऊ खुश झाले का, विजूबाई?"

"आमचे हे कायचे खुश होतात! घरून आपल्या विहिरीच्या पान्याची क्यान घेऊन गेलते. म्हने, खाऱ्या समुद्रात प्याले काय भेटन?"

"मंग?"

"मंग आत गेलो, तं हा एवढा मोठा तलाव! यायनं बोट बुडवून जिभेले लावलं. गोडं पानी!"

"समुद्राच्या मधात?"

"मधात! हे पाहतच राह्यले. मंग गाइडले इचारलं, 'याले कुलूप कोन लावे?'"

"कुलूप?"

"आपल्या विहिरीच्या जाळीले हे लावतेत ना, तसं. गाइड हसला. म्हने, 'काका, चहूकडे खारं पाणी. इथं कुलूप लावलं असतं, तर तोफ न डागताच किल्ला पडला असता.'"

"आमच्या गल्लीतल्या बाया उन्हाळ्यात त्याच कुलपापासून रिकामे हंडे घेऊन परततेत, विजूबाई."

"आज सकाळी मात्र... थांब, हात पुढं कर."

"हे काय?"

"जाळीच्या कुलपाची चावी. हे म्हनले, उन्हाळाभर तुमच्याच गल्लीत राहू दे."