आहे म्हटलं की गेलं

...आणि वर मलाच म्हणतात, नॉर्बर्ट, तू फार बोलतोस! अहो, पण बोलायला लावलं कुणी? तुम्हाला सांगतो, मी वाढलो शहरात, मावशीकडे, त्यामुळे आपली, कॅनडातल्या आदिवासींची, क्री भाषा येईना, आणि इकडे गावच्या रेडिओवर निवेदकाची जागा निघालेली, अट एकच, क्रीच्या वर्गातल्या बाईंची सही हवी. बाई कोण? माझ्या सासूबाई! आता आमच्यात सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, मान राखायचा असतो, म्हणून भर वर्गात त्या माझ्याशी बोलणार त्या माझ्या शेजारी बसलेल्या अगाथाकडे बघून. "अगाथा, विचार गं त्या माणसाला, काय काय आहे त्याच्याकडे."

धडाच तो होता ना! आमच्याकडे वस्तू जवळ असली की त्या वस्तूचंच क्रियापद करतात... जोडा म्हणजे मस्किसिन, त्याला पुढे 'ओ' लावा, मागे शेपूट लावा, ओमस्किसिनिव, झाला तो जोडेवाला! मला असा चेव चढला, म्हटलं, मी जोडेवाला, मी होडीवाला, मी जाळीवाला, मी फ्रीजरमधल्या मूस हरणाच्या अख्ख्या मांडीवाला...

दुसऱ्या दिवशी दारात रांग. मागत कुणीच नव्हतं हो! ज्याच्याकडे आहे त्यानं द्यायचं ही गावाची रीत, आणि मी तर चारचौघांत जाहीर करून बसलेलो. आहे म्हटलं की गेलं! अगाथानं जाळी नेली, तिच्या भावानं होडी, मांडी पाच घरांत वाटली, हाड कुत्र्यानं नेलं. बायको, डेलिमा, म्हणाली, "गप्प बसायचं काय घेशील रे?" पण गप्प बसलो तर सही कशी मिळणार?

परीक्षेला म्हटलं, आता शहाणे व्हा, उचलून नेता येणार नाही असंच काहीतरी सांगा. छाती फुगवून सांगितलं, मी रिकाम्या खोलीवाला! सासूबाई अगाथाकडे बघून हसल्या, सही केली, आणि संध्याकाळी गाठोडं घेऊन राहायलाच आल्या. आहे म्हटलं की...

आता स्वयंपाक त्या करतात, सुपात मीठ मूठभर. मला तोंडावर सांगता येत नाही, डेलिमा म्हणते, आईला मी नाही सांगणार. मग काय करता? निवेदकाची जागा तर मिळालीच होती, हवामानाच्या बातमीनंतर रेडिओवरूनच सांगून टाकलं, मंडळी, सुपात मीठ जरा बेतानं घाला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी अख्ख्या गावाचं सूप अळणी झालं. आणि आमच्या घरचं? सासूबाई डेलिमाला म्हणतात, वर्गात नाइलाज होता, पण घरातही जावयाचा आवाज कानावर पडला तर मान कसा राहायचा... मी बोलायला लागलो, की त्या रेडिओ बंद करतात.