एट-बॉल अवघड असतो

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं; बिलियर्ड्ससारख्या ‘पूल’ या खेळावरून त्यांचं चाललं होतं. कानांना काही पथ्य नव्हतं.

"माझं ऑपरेशन झालं की पूलच्या टेबलावर नाइन-बॉल लावायचा. आत्ताच सांगून ठेवते."

"नको. खरं डोकं एट-बॉललाच लागतं. आपण आपले बॉल भोकात घालत जावं, तर समोरच्याचे वाटेत ठाण मांडून उभे. शेवटी आठ नंबरचा काळा घालायला जावं, तर टेबलभर त्याचीच फौज."

"आणि नाइन-बॉल?"

"त्यात काय, बॉलवरचे आकडे बघून एक, दोन, तीन, ओळीने मारत सुटायचं. पोरखेळ."

"सगळा जन्म तोच पोरखेळ खेळलात की माझ्याशी. मागच्या हिवाळ्यातच कशी अक्कल आली?"

"वय झालं की येते."

"मागच्या हिवाळ्यात मी तीन सोडून सातला मारलं होतं. दोन्ही लालच दिसले मला."

"असेल. माझ्या नाही लक्षात."

"एट-बॉलला आकडे वाचावे लागत नाहीत. पट्ट्याचे कुठले आणि बिनपट्ट्याचे कुठले, एवढं कळलं की भागतं."

"तुझा नंबर आला बघ."

"नाही आला. आणि तेव्हापासून तुम्ही रोज हरताय, ते का?"

शिंपीणबाईंनी न राहवून एक डोळा किलकिला केला.

"म्हटलं ना," म्हातारबुवा म्हणाले, "एट-बॉल फार अवघड असतो."