इंदूच्या हातांचा रंग

मी मूळचा दोंडाईच्याकडचा. आईबाप लवकर गेले, मागं मी अन धाकटा भाऊ सुपडू, शाळा माझी दुसरीपर्यंत, मग जिथं काम तिथं आपण. दीपनगरला कोळसा उतरवायच्या कामावर लागलो, लग्न झालं, इंदू आली. सुपडू तव्हा आठ वर्षांचा, त्याला तिनंच न्हाऊमाखू घातलं, वहिनी वहिनी करत पदर धरून फिरायचा.

तिच्या हातचे मांडे, काय सांगू तुम्हाला. आमच्याकडं लग्न म्हटलं का खापराचे मांडे पाहिजेच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत मोठा करायचा अन उपड्या खापरावर टाकायचा, लाटणं नाही, पोळपाट नाही, बठ्ठं, म्हणजे सगळंच हातावर. चार गावचे लोक तिला बोलवायचे. मग त्याच हातांवर पांढरे डाग उठले, मनगटाच्या वर. कोड शे म्हणे. तोंडावर कोणी काही बोललं नाही, बोलावणं तेवढं थांबलं.

नव्वदच्या आसपास सुपडूचं लग्न ठरलं. सुपारीला मी एकटाच गेलो. सुपडू म्हणाला, दादा, आत्ता नको वहिनीला, तिचे हात भरून येऊ दे, मग मांडे तिच्याच हातचे. म्हणून धुळ्याच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं लावायचं पातळ औषध दिलं, डागावर लावा अन सकाळच्या कोवळ्या उन्हात पाच मिनिटं बसा, जास्त नाही. आता मी अडाणी माणूस. म्हटलं, पाच मिनिटांत पापड वाळत नाही, हात काय काळा होणार? मीच तिला भरदुपारी पापडाच्या खाटेपाशी बसवली, हात पसरून, कावळेबी हाकलशील म्हटलं. संध्याकाळी हातावर हे फोड. डॉक्टर मला म्हणाला, तुम्हाला घड्याळ कळत नाही का? कळत व्हतं, ऐकलं नाही.

फोड बरे झाले, मग तिनं पाच मिनिटं म्हणजे पाचच धरली. काही महिन्यांनी डागात मोहरीएवढे तांबूस ठिपके आले, ते वाढत वाढत एकमेकांना भेटले. आरशात तोंड नाही पाहायची, हात पाहायची. कोपरापाशी शेंगदाण्याएवढा एक डाग तेवढा राहिला.

लग्नाच्या वऱ्हाडात ती आली नाही, सुपडूच्या घरी पुरण शिजवत राहिली. नवरी घरात आली, बरोबर तिची मावशी पाठराखीण. इंदू चुलीपाशी, हातावर मांडा फिरतोय. मावशीची नजर कोपरावर गेली. विचारलं, ही कोण शे? सुपडू म्हणाला, ही शेजारीन शे, मदतले उनी. शेजारीण, मदतीला आलेली, असं म्हणाला. अन नात्यातल्या एका पोरीला बोलावून म्हणे, इन्हा हातनं घे, मांडे तू कर.

मी तिथंच व्हतो, हातात पाण्याचा तांब्या. पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिलो, बस.

इंदूनं तो मांडा खापरावर टाकला, भाजला, उतरवला, मग हात धुतले. दीपनगरला परतताना येष्टीत तिनं एवढंच विचारलं, मी कोनी शेजारीन? कोणाची? मी खिडकीकडं पाहिलं. घरी येऊन तिनं औषधाची बाटली मोरीत ओतली. डाग पुन्हा वाढले, वाढू दिले. मांडे मात्र कधीच नाही, आमच्या पोरीच्या लग्नातबी नाही.

यंदा गेली ती. दहाव्याला सुपडू आला, आता त्याचेबी केस पिकले, लोकांत बसून रडला, म्हणे मला आईसारखी व्हती, तिच्यासारखे मांडे कोणी करणार नाही. माझ्या तोंडावर आलं व्हतं, शेजारीण व्हती ना रे तुझी? पण ज्यानं तव्हा तोंड उघडलं नाही, त्यानं आता कोणत्या तोंडानं उघडावं. त्याला चहा दिला.

खापर माळ्यावर उपडं शे. सून म्हणते, आबा, देऊन टाकू कोणाला. नको म्हणतो. तिचा सवाल अजून माझ्याकडंच शे. तुमच्या घरात कोणाला असं झालं, तर औषध लावून उन्हात पाच मिनिटं म्हणजे पाचच बसा, डॉक्टर सांगंल तसं. अन कोणी विचारलं, ही कोण, तर लगेच सांगा.