पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

—अहो, उठता कशाला? बसा! ही सुरी पुस्तकांची पानं कापायची आहे, तुमच्यासाठी नाही. दुर्लक्षित पुस्तकांची यादी छापताय ना पेपरात, मग नीट लिहून घ्या. हे पहिलं — लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एकानं स्वतःच्या खर्चानं काढलंय. आत अडकलेली माणसं काय काय बोलतात, तेवढंच लिहिलंय त्यात — हसून हसून पोट दुखतं आणि मग एकदम पुस्तक मिटून ठेवावं लागतं. खपलं किती? त्याच्या सासूनंसुद्धा घेतलं नाही! हे दुसरं शवागारातल्या शिपायाचं — कविता आहेत, पण नाक मुरडू नका, चांगल्या आहेत.

आणि हे तिसरं — हे तर तुम्ही वाचलंय, नाही का? दारातच म्हणालात, एका बैठकीत संपवलं. ताईचं आहे ते. माझी थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं. वॉर्डात नर्स होती, जेवणाच्या सुट्टीत लिहायची. प्रकाशक मी — म्हणजे हे टेबल, ते कपाट आणि मी. त्यात बाइंडरच्या यंत्राचं पातं बोथट — सगळ्या प्रतींत एक फॉर्मा, म्हणजे सोळा पानांची एक घडी, न कापताच राहिला, सत्त्याण्णव ते एकशे बारा. घडी बंदच. मी म्हटलं, राहू दे, वाचणारा घेईल कापून. चुकलंच माझं.

तुमच्या आधी पेपरातल्या पुस्तकांच्या सदरात एक गृहस्थ लिहायचे. त्यांनी लिहिलं, 'अथपासून इतिपर्यंत वाचलं, पण बाई घर का सोडते याचा पत्ताच लागत नाही.' कसा लागणार? तेच तर आहे त्या सोळा पानांत! ताईनं ते वाचलं, उठली, दुसऱ्या कादंबरीची वही शेगडीत घातली — आणि मग तीच वही काढायला उजवा हात आत घातला. मी ओढेपर्यंत कातडं सुटलं होतं हो. आता पेन धरता येत नाही तिला.

मी गेलो त्यांच्याकडं. बोलायलाच गेलो होतो, शपथ! कपाटात प्रत दिसली, उघडली — घडी जशीच्या तशी. मग काय केलं? त्यांचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. एकदा नाही, तीनदा. बोटं मोडताना आवाज येतो — जाड पुठ्ठा दुमडल्यासारखा. वाटलं होतं, नंतर वाईट वाटेल. नाही वाटलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. खरं सांगितलं असतं तर न वाचता लिहिलं हेही सांगावं लागलं असतं ना! — हे लिहिताय काय? खोडा. आधी खोडा ते.

ताई रोज संध्याकाळी विचारते, 'कुणी वाचलं का रे?' तिच्याशी खोटं बोलवत नाही, रोज नाही म्हणतो. आज म्हणणार होतो, ताई, एक जण निघाला बघ! बॅगेतून डोकावतेय ती मी पाठवलेली प्रतच ना? द्या इकडं. अहो द्या, डाव्या हातानं सही करेल ती, खूश होईल. ओढू नका — सोडा म्हणतो ना!

हं.

घडी तशीच आहे.

काही बोलू नका. एक शब्द नको. ही सुरी मी आता टेबलावर ठेवतोय — ठेवून होईपर्यंत बाहेर पडा. पुस्तक राहू दे इथंच.