चोवीस तास पाणी

मंडळी, ऐका! शुभकार्यात शंका काढणारी बाई अपशकुनी म्हणायची, की शहाणी? — हं! पुरुष मंडळी लगेच खाली बघायला लागली! असू द्या.

नाशिकबाहेर एक नवं संकुल. मधोमध पोहायचा तलाव — निळाशार! हर्षदा आणि निरंजन फ्लॅट बघायला आले. कडेवर चिमुकली ओवी. लग्नापासून पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं सगळं आज बयाणा म्हणून जाणार! एजंट देवरे म्हणतो, "वहिनी, आजच सही करा! उद्या भाव वाढणार!"

निरंजनने तर पेन उघडलंसुद्धा! हर्षदाने मात्र त्याचा हात धरला. "थांब रे, इथल्याच शेजारच्या इमारतीत लोक राहायला आलेत. विचारून येते."

"तुझं आपलं काहीतरीच!"

गेलीच! तिथे राहणाऱ्या आहेरकाकूंनी दार उघडलं, सोफ्यावर बसवलं. "पाणी? चोवीस तास गं! नळ सोडावा नि मनसोक्त न्हावं!" — का नाही म्हणणार? काकूंना स्वतःचा फ्लॅट विकायचा होता ना!

हर्षदा निर्धास्त. उठणार, तेवढ्यात ओवीने — आता कीर्तनात कसं सांगू? — दुपटं, साडी, काकूंचा नवा सोफा, सगळं एकदम रंगवलं!

"अगं बाई! नळाखाली धरते हिला!" हर्षदा न्हाणीघराकडे धावली.

"नळ नको! नळ नको!" काकू मागे.

सोडला नळ. नळ काय म्हणाला? — फुस्स्स! आणि गप्प.

हर्षदा काकूंकडे बघते, काकू छताकडे बघतात, ओवी टाळ्या पिटते!

"काकू... चोवीस तास?"

काकूंनी पिंपाचं झाकण काढलं. "टँकर येतो गं. आला तर! घे, धू लेकराला. जपून हं."

"आणि तो तलाव?"

"तो गिऱ्हाईक यायचं असलं की भरतात!"

हर्षदा सुटली! उघड्या-नागड्या ओवीला घेऊन धाडधाड जिना उतरली. "निरंजन! पेन ठेव खाली!"

"वहिनी, झालं काय?"

"व्हायचं ते काकूंच्या सोफ्यावर झालं, देवरे! आमची सही तेवढी राहिली. ती आता राहूच दे!"

निरंजनने सगळं ऐकलं, पेन बंद केलं, आणि लेकीचा मुका घेतला — वास येत होता तरी!

हसताय? मंडळी, आपण वांगं घेताना देठ तपासतो, आणि घर घेताना शेजारचं दार वाजवायला लाजतो! घरातली कुणी 'थांबा, विचारून येते' म्हणाली, तर डोळे वटारू नका. ती लेकरांची काळजी बोलते.

चला, म्हणा विठ्ठल! दोन्ही हात वर करून — सहीसाठी शिवशिवणारा हातसुद्धा वर!